मोगऱ्याला मोसंबीचा रस

विहीणबाई, आज सकाळी मोगऱ्याला पाणी घातलं. नुसतं पाणी. कुंडीखालच्या ताटलीत उतरेपर्यंत उभी राहिले, मग तांब्या विसळून जागेवर ठेवला. एवढं सगळं झालं आणि आत येऊन तुमच्या सुनीताला विचारलं, "मोगऱ्याला पाणी घातलं का गं?" ती म्हणाली, "आई, तुम्हीच आत्ता घालून आलात." बरं, म्हटलं.

असं चाललंय. तुमचा तेरावा होऊन गेला. रडू येईल म्हणून मी एकदोनदा अगदी तयारीनं बसले, पदरबिदर हातात घेऊन. काही आलं नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं अंगभर झालंय. लोक भेटायला येतात, म्हणतात, "विहीण गेली हो तुमची." मी म्हणते, "हो ना. चहा टाकू?"

लोकांच्या लेखी विहीण म्हणजे मुलाची सासू. लग्नात रुसायचं, बारशाला मिरवायचं, बाकी सणासुदीला नमस्कार-चमत्कार. तिच्यासाठी कोण एवढं सुन्न होऊन बसतं? पण आपलं भांडण मानपानाचं नव्हतं, मोगऱ्याचं होतं. झाडाला फळांचा रस घातला तर ते वाढतं की मरतं, यावर आपण दोघी सात-आठ वर्षं हुज्जत घातली. आणि निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात. हे मला मुळीच पसंत पडलेलं नाही.

सुरुवात तुमच्या बाटलीपासून झाली. लिंबायतच्या घरी बसून तुम्ही साड्यांना लेस लावायचात, टिकल्या चिकटवायचात, आणि तयार झालेला गठ्ठा पर्वत पाटियाला व्यापाऱ्याकडे पोचवून, वाकडी वाट करून उधन्याला आमच्याकडे लेकीला बघायला यायचात. रिक्षात चेपून, भर उन्हात, वर तीन जिने चढून. मी पाण्याचा पेला पुढे करायची. तुम्ही पिशवीतून सरबताची जुनी काचेची बाटली काढायचात आणि मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून घटाघट घरचं पाणी प्यायचात. माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या पंख्याखाली. प्यायल्यावर तोंड पुसून म्हणायचात, "पोरना घरनं पानी पेवानं नही, ताई. नातवंड होईपर्यंत नही. आमच्यात असंच आहे."

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे आमच्यातही होतंच की. माझ्या आईनंही पाळलं. पण ती नगरला राहायची, वर्षातून एकदा सुरतेला यायची, त्यामुळे ते कौतुकाचं वाटायचं. तुम्ही तर दर आठवड्याला येऊन माझ्या डोळ्यांदेखत माझ्या घराला नाही म्हणायचात. मला ते टोचायचं.

टोचायला मी होतेच तशी. मिलिंदच्या लग्नात मी वरमाई म्हणून जी काय वावरले, ते आठवलं की आता माझं मलाच हसू येतं. यांची बँकेतली नोकरी, आमचा स्वतःचा ब्लॉक, मुलगा पदवीधर, आणि मुलगी लिंबायतच्या पॉवरलूम कामगारांची, तीही मुलानं स्वतः पसंत केलेली. नऊवारी नेसून बाई मांडवात अशा फिरत होत्या, जणू सुरतेचं सगळं कापडमार्केट बाईंच्याच निऱ्यांवर चालतं. रुखवतात तुम्ही ज्यूसरचं भांडं असलेला मिक्सर ठेवला होता. मी झाकण उघडून आत डोकावले आणि चार बायकांत म्हणाले, "भांडं जरा लहानच आहे." विहीणबाई, ज्यूसर कशाशी खातात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यातल्या जाळीला मी पुढे वर्षभर किसणी समजत होते. गाजरं घेऊन बसले होते एकदा.

तर त्या हुशार बाईनं ठरवलं की तुम्हाला पाजायचंच. पाणी नाही ना चालत? मग रस. एका दुपारी मोसंब्या आणल्या, तुमच्याच मिक्सरवर रस काढला, चांगला काचेच्या ग्लासात ओतून तुमच्यासमोर धरला.

"हे पाणी नाही," मी म्हटलं. "पाण्याचा थेंब घातलेला नाही यात."

"मोसंबीमां पानी नही राहत का?"

"ते मोसंबीचं पाणी. माझ्या घरचं कुठंय? मोसंबी बाजारातली, मिक्सर तुमचा. मी फक्त बटण दाबलं."

"बटन दाबल्यावर लाइट कोनाची जळली, ताई?"

मी ग्लास धरूनच राहिले. माझं मन मोडू नये म्हणून तुम्ही तो घेतलात, आणि "जरा झाडं बघते" म्हणून गॅलरीत गेलात. ग्लास रिकामा परत आला. मी स्वयंपाकघरात जाऊन सुनीताच्या कानाशी म्हणाले, "प्यायली गं तुझी आई." सुनीता कणीक मळत होती. ती आणखी जोरात मळायला लागली. पोरीला माहीत होतं.

पुढे उन्हाळाभर मी मोसंब्या पिळत राहिले. तुम्ही झाडं बघत राहिलात. मला वाटायचं, बाईला झाडांची केवढी आवड. मग एक दिवस हे झोपेतून पाठ खाजवत उठले. गॅलरीतून आमच्या पलंगापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मी रांगेचा माग काढत गेले तो मोगऱ्याच्या कुंडीशी पोचले. माती चिकट, वर चिलटं घोंगावताहेत, आणि वास असा की रसवंतीच्या मागच्या गल्लीत आल्यासारखं वाटावं.

पुढच्या खेपेला मी पडद्याआड उभी राहिले. तुम्ही ग्लास हातात घेऊन कुंडीशी वाकलात, बोटानं माती जरा उकरलीत, आणि कडेकडेनं, देवाला तीर्थ घालावं तशी धार सोडलीत. मी इतके दिवस जिंकले म्हणून मिरवत होते आणि रस मोगरा पीत होता.

"विहीणबाई, हे काय?"

दचकणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. "झाडालाबी तहान लागते," तुम्ही म्हणालात.

"झाडाला पाण्याची तहान लागते. रसाची नाही. मुंग्या बघा."

"मुंग्या आल्या म्हनजे गोड लागलं त्याला."

शेजारच्या गॅलरीतून जशुबेन ऐकत होत्याच. "झाडने रस पीवडावो छो? गांडा थई गया के शुं?" वेड लागलंय का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "इनको पूछो. रस निकालते कौन?"

तिथून हुज्जतीला तोंड फुटलं. माझं म्हणणं, साखरेनं माती आंबते, आंबटानं मुळं जळतात, झाड मरतं. तुमचं म्हणणं, पर्वत पाटियाच्या उसाच्या गाडीशेजारचा कडुलिंब बघा, गाडीवाला दिवसभर त्याच्या बुंध्याशी ग्लास विसळतो, केवढा डेरेदार झालाय. मी म्हणाले, "ते विसळलेलं पाणी असतं. रस तो विकतो." तुम्ही म्हणालात, "पानीलाबी गोडी लागते ना?" हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "झाडाला विचारा आणि मला झोपू द्या."

नेमका त्या वर्षी मोगरा असा फुलला की पानं दिसेनात. तुम्ही ओंजळभर कळ्या काढून सुनीताच्या पदरात घातल्यात आणि माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "उन्हाळा आहे. उन्हाळ्यात मोगरा फुलतोच." तुम्ही म्हणालात, "हो ना." ते 'हो ना' मला आठवडाभर पुरलं. मग पावसाळ्यात त्याच कुंडीच्या मातीवर पांढरी बुरशी धरली, खोड काळं पडलं, मोगरा गेला. मी म्हणाले, "रसानं मेला." तुम्ही म्हणालात, "पावसानं मेला." आणि खरं सांगायचं तर तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे तोड नव्हती, कारण त्या पावसात जशुबेनचा गुलाबही गेला होता, आणि त्याला तर कुणी रस पाजला नव्हता.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट सांगते, आता सांगायला हरकत नाही. माझं ज्ञान कुठून आलं होतं? लग्न होऊन सुरतेत आले, त्या वर्षी यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी ग्लुकोज प्यायला सांगितलं आणि हे पंधरवड्यात टवटवीत झाले. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुंडीत एक गुलाब होता, जरा मरगळलेला. मी त्यालाही ग्लुकोज सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ, चमच्यानं ढवळून. वर यांना सांगायची, "आज दोघांचाही रंग बरा दिसतोय." गुलाब थोड्याच दिवसांत वाळून काडी झाला. हे वाचले. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी तुमच्यासमोर वनस्पतिशास्त्र झाडत होते. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि तुमचं हसू म्हणजे खांदेच हलायचे नुसते, आवाज नाही. ते मला बघायला मिळालं असतं.

मग रीतसर परीक्षा घ्यायचं ठरलं. तेलाच्या दोन डब्यांत जशुबेनकडून आणलेल्या मोगऱ्याच्या दोन फांद्या लावल्या. डावीकडची तुमची, रसावर. उजवीकडची माझी, पाण्यावर. सुनीता पंच. दोघींची रोपं अशी काही फोफावली की पंच चक्रावली. कारण साधं होतं. मी माझ्या डब्यात गुपचूप चहाचा चोथा आणि ताक घालत होते, आणि तुम्ही लिंबायतच्या गोठ्यातलं शेण साड्यांच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणत होतात. मला वास आला होता. तुम्हाला माझ्या डब्यात चहापत्ती दिसली होती. शेवटी दोघींनी मुकाट्यानं दोन्ही रोपं त्या रिकाम्या कुंडीत एकत्र लावली.

इथवर गंमत होती. पुढे तशी राहिली नाही.

लग्नाला वर्षं होत गेली आणि सुनीताला दिवस जात नव्हते. डॉक्टर झाले, नवससायास झाले. घरात कुणी तिला बोलत नव्हतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण न बोलण्याचाही आवाज होतो. तुम्ही आलात, बसलात, पिशवीतून बाटली काढलीत की सुनीता उठून आत जायची. मला ते दिसायचं. नातवंड होईपर्यंत पाणी नाही. म्हणजे तुमची ती बाटली दर आठवड्याला तिला आठवण करून द्यायची. एकदा मी तुम्हाला गॅलरीत गाठून म्हणाले, "रीत-बीत ठेवा बाजूला. एक घोट घ्या तिच्यासमोर. तिच्या जिवाला बरं वाटेल." तुम्ही मोगऱ्याचं पिवळं पान खुडलंत. "नही, ताई," म्हणालात. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

त्या दिवशी मी तुमच्यावर खरोखर चिडले. एवढी कसली कडक बाई ही, की लेकीपुढेही वाकत नाही. तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायलाही आले नाही मी.

मग पूर्वा झाली. नात झाली म्हणून काही जणींनी तोंडं वाकडी केली. तुम्ही आणि मी पेढे वाटत सोसायटीचे जिने चढलो-उतरलो. बारशाच्या दिवशी मी सकाळपासून एकाच गोष्टीची वाट बघत होते. पाळणा झाला, कानात नाव सांगून झालं, आणि मी ग्लास घेऊन आले. मोसंबीचा रस, वर चिमूटभर सैंधव. सगळ्यांच्या देखत तुमच्या हातात दिला. तुम्ही ग्लासाकडे बघितलंत, पूर्वाकडे बघितलंत, आणि उठून गॅलरीत गेलात.

मी मागून आले तेव्हा धार संपत आली होती.

"नात झाली, विहीणबाई. रीत संपली."

"संपली," तुम्ही म्हणालात.

"मग?"

तुम्ही ग्लास कठड्यावर ठेवलात. खाली कुणाच्या तरी लूमची खटखट चालू होती, म्हणून मला जवळ सरकावं लागलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या मोठ्या बहिणीला सासरी लई त्रास होता. मारायचे तिला. आई जाब विचारायला गेली. उन्हाची, चालत. त्यांनी आधी गूळ दिला, पानी दिलं. आई पियाली. मग तिच्या तोंडातून शब्द निघाला नही. बसली, उठली, परत आली. घरी आल्यावर बापाला म्हने, त्यांचं पानी पोटात गेल्यावर त्यांच्याशी कोन्या तोंडानं भांडू? बहीन तिथंच राहिली. तिथंच मेली."

मी कठड्यावरचा ग्लास उचलून हातात धरला.

"सुनीताचा बाप नही. भाऊ लहान. भांडायची वेळ आली तर मीच येनार ना, ताई? गळा कोरडा पाहिजे."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी भांडायच्या तयारीनं येत होतात?"

"हो."

"आणि मी मोसंब्या पिळत होते."

"गोड राहायच्या," तुम्ही म्हणालात.

"तुम्हाला काय ठाऊक? प्यायला मोगरा."

"बोट चाटून पाहायची मी एखाद वेळी."

आणि तुमचे खांदे हलले. मीही हसले असेन. पण आत कुठेतरी बसलं ते. रात्री यांना विचारलं, "मी वाईट सासू आहे का हो?" हे म्हणाले, "आहेस त्यातल्या त्यात बरी." तुम्हालाही तोच प्रश्न विचारायचा होता मला. विचारला असता तर तुम्ही म्हणाला असता, "आज नही. उद्याचं कोनाला ठाव?" ते उत्तर मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. पण तेव्हापासून माझं एकच चाललं होतं. एक दिवस या बाईनं माझ्या घरचं पाणी प्यायला पाहिजे. रीत म्हणून नाही, हार-जीत म्हणून नाही. तिला कळायला पाहिजे की इथं भांडायला यावं लागणार नाही.

आणि दुसरीकडे माझं काय चालायचं? तुमच्या लिंबायतच्या घरी आले की चहा, शेव, कळण्याची भाकरी, ठेचा, वर ताक. पहिल्याच भेटीत दोनदा वाढून घेतलं होतं. तुमच्या हिशेबानं तुमच्याशी भांडायचा माझा हक्क त्याच दिवशी संपला होता. तरी मी भांडत होतेच. यावरून तरी तुम्हाला त्या हिशेबाची शंका यायला हवी होती.

रस काढणं मी थांबवलं नाही. आता दोघींनाही माहीत होतं की तो कुणासाठी आहे. मी त्यात पाणी घालायला लागले, थोड्या रसात भरपूर पाणी, कारण मोगरा माझाही होता. एकदा तुम्ही गॅलरीतून आत येऊन म्हणालात, "आज पातळ होता." मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पीत नाही." तुम्ही म्हणालात, "मोगरा सांगत होता." पातळ केल्यापासून मुंग्या कमी झाल्या, वास गेला. मोगरा आहे अजून. फुलतोही. रसामुळे की रसाला न जुमानता, ते मी सांगू शकत नाही. घट्ट रसानं माती आंबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तो ओंजळभर कळ्यांचा उन्हाळाही मी पाहिलाय.

शेवटच्या वेळी आलात तेव्हा उन्हं फार नव्हती. तरी तुम्ही प्रत्येक जिन्यावर थांबत आलात, मला वरून ऐकू येत होतं. सुनीता पूर्वाला घेऊन लशीचा डोस द्यायला गेली होती. घरात मी एकटी. तुम्ही सोफ्यावर बसलात. पिशवी बाजूला ठेवलीत. बाटली काढली नाहीत.

"ताई," म्हणालात, "पानी द्या."

घरात त्या दिवशी मोसंबी नव्हती. मी माठातलं पाणी आणलं, रोजच्या पेल्यातून. इतक्या वर्षांत या क्षणासाठी मी काय काय योजून ठेवलं होतं. टोमणे होते, उखाणा होता एक, जशुबेनला हाक मारून साक्षीला बोलवायचं होतं. तुम्ही पेला घेतलात आणि ओठ लावून प्यायलात. मान मागे टाकली नाहीत. अर्ध्यात थांबलात, दम खाल्लात, उरलेलं प्यायलात.

मी म्हणाले, "अजून देऊ?"

"नको. झालं."

तेवढंच. मग तुम्ही पूर्वाचं विचारलंत, दोन्ही वेळा नीट जेवते का. मी म्हणाले जेवते. थोड्या वेळानं मी रिक्षा बोलावली. चार दिवसांनी सकाळी लिंबायतहून सुनीताच्या भावाचा फोन आला.

तेव्हापासून मी त्या पेल्यावर अडकले आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात म्हणून प्यायलात, की भांडायची ताकदच उरली नव्हती म्हणून? मान वर टाकून प्यायचं तर मानेत जोर लागतो. की नुसती तहान लागली होती? विचारायला हवं होतं. "अजून देऊ?" हा काय प्रश्न झाला? एरवी अखंड बडबड करणारी बाई मी, नेमक्या वेळी वाढप्यासारखी विचारून मोकळी झाले.

तुमच्याकडे भेटायला आले तेव्हा तुमच्या भावजयीनं चहा आणला. प्यायले. कोपऱ्यात साड्यांचा गठ्ठा होता, अर्ध्यांना लेस लावलेली, अर्ध्या कोऱ्या. सुई एका काठात तशीच टोचून ठेवलेली. मी ती बघितली. मला वाटलं आता येईल रडू. आलं नाही. मी सुई काढून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवली, पोराबाळांच्या पायात जाईल म्हणून.

काल सुनीता तिकडून परत आली. एका हाताला पूर्वा आणि दुसऱ्या हातात तो गठ्ठा. म्हणाली, "आईनं काम घेतलं होतं, पुरं करून देते." हॉलमध्ये चादर पसरून बसली. साडी उलगडली की टिकल्यांचा उजेड छतावर हलायचा, आणि पूर्वा तो पकडायला उड्या मारायची. संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून आला, दारातच थांबला.

"हे काय इथं?"

"आईचं राहिलेलं आहे," सुनीता म्हणाली.

"परत पाठवून दे. त्या पर्वत पाटियाच्या पार्टीला सांग माणूस पाठवून घेऊन जा म्हणून. आपल्या घरात असलं काम कुणी करत नाही. उद्या सोसायटीत चार लोक विचारतील."

वाईट नाही तो, विहीणबाई, तुम्हाला माहीत आहे. बापाचा ब्लॉक आणि आईच्या निऱ्या, दोन्ही अंगात भिनलंय, एवढंच. सुनीतानं साडीची घडी घातली. दुसरीची घातली. चादरीची टोकं जुळवली आणि गाठ मारायला घेतली. तिचे हात तुमच्यासारखे आहेत, आखूड बोटांचे. मी सोफ्यावर बसून ती गाठ बघत होते आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी बोलेल. मी तुमच्या जागेकडे बघितलंसुद्धा. तिथं मिलिंदची बॅग पडली होती.

मग मला आवाज ऐकू आला. माझाच होता.

"सुनीता, गाठ सोड."

मिलिंद वळला. "आई, तू मध्ये पडू नकोस."

"पडले. ती हे काम इथंच पुरं करील. पंख्याखाली बसून. तुला चमक डोळ्यांत जात असेल तर जेवायला आत बस."

"आई, लोक काय म्हणतील, याचा तरी..."

"लोकांना माझ्याकडे पाठव. तिच्या आईनं या टिकल्या चिकटवून तिला शिकवलं, म्हणून तुला पगार नीट सांभाळणारी बायको मिळाली. हे लोकांना सांगीन, तुलाही सांगते. आणि उद्यापासून सुई ओवायला मी बसणार आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला असं बोलले नव्हते.

"तू नक्की कुणाकडून बोलतेयस?" त्यानं विचारलं.

"मुलीकडून," मी म्हटलं.

तो कपडे बदलायला आत गेला. सुनीतानं गाठ सोडली. आणि विहीणबाई, तुमचं ते पाण्याचं म्हणणं काही खरं नाही. जन्मभर मी याच घरचं पाणी पितेय. आवाज चांगला खणखणीत निघाला.